बिलिव्हर्डिन शिकायचंय? काळ्यानिळ्या डागापासून सुरुवात कर

रेणूची रचना पाठ करायला बसू नकोस, ती नंतर आपोआप डोक्यात बसते. आधी गुडघा कुठे आपटला असेल तर तो डाग रोज बघ. जांभळट काळा, मग कडेने हिरवट, शेवटी पिवळा. ती हिरवट छटा म्हणजे बिलिव्हर्डिन. हीम ऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) हीमचं, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोह धरून बसलेल्या भागाचं, वलय फोडतं, तेव्हा तीन गोष्टी सुटतात: लोह, कार्बन मोनॉक्साइड आणि हे हिरवं द्रव्य. (हो, तोच विषारी वायू. अगदी थोडा, पण आपलं शरीर स्वतःच तयार करतं.) पुढे बिलिव्हर्डिन रिडक्टेज हे दुसरं विकर त्याचं पिवळं बिलिरुबिन करतं.

नवखे हमखास अडकतात ते इथे: हिरवं दिसलं म्हणून ते हरितद्रव्य नव्हे. हरितद्रव्यात मॅग्नेशियम धरून बसलेलं बंद वलय असतं. इथे वलय उघडलेलं आणि धातू निघून गेलेला.

आणि ‘टाकाऊ’ हा शब्द तर वापरूच नकोस, मला तो खटकतो. पक्ष्यांच्या निळ्या-हिरव्या अंड्यांचा रंग याचाच. वनस्पती फायटोक्रोमचा, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या त्यांच्या प्रथिनाचा, प्रकाश टिपणारा भाग यातूनच घडवतात. न्यू गिनीतल्या प्रासिनोहीमा प्रजातीच्या सापसुरळ्यांच्या रक्तात तर ते इतकं साठतं, की स्नायू, हाडं, जीभसुद्धा हिरवी! तरी त्या मजेत जगतात.

प्रयोगशाळेत हाताळशील तेव्हा द्रावणाची कुपी फॉइलमध्ये गुंडाळ. उजेडात ते बिघडतं.