गणेश चवथीआधी घर नटवायला पाच लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न: आम्ही गोव्यात फोंड्याला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो, इमारत बारा वर्षं जुनी, आमचा मजला सगळ्यात वरचा. मी एका खासगी शाळेच्या कार्यालयात, मिस्टर वेर्ण्याला औषध कंपनीत. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, सासूबाई सोबत असतात. दोघांचे मिळून ९०,००० हातात येतात. घरात वस्तू ठेवायला जागा नाही, सकाळी कुणाचं काही सापडत नाही, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली हात घातला की भांडी अंगावर येतात. एका इंटिरियरवाल्याने ४,८०,००० चं कोटेशन दिलंय: मॉड्युलर किचन १,९०,०००, दोन वॉर्डरोब १,३०,०००, हॉलचं फॉल्स सीलिंग आणि टीव्ही युनिट ९५,०००, देवघर, माळा आणि चपलांचं कपाट ६५,०००. चवथीआधी बुकिंग केलं म्हणून १० टक्के सूट धरूनच हा आकडा आहे. आम्ही १०,००० टोकन दिलेत. बँक १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी वैयक्तिक कर्ज द्यायला तयार आहे. मिस्टर म्हणतात साडेतीन लाखांची मुदत ठेव मोडू, सासूबाई म्हणतात काहीच नको. आमचा गणपती डिचोलीजवळ मूळ घरी असतो, पण चवथीनंतर माहेरची मंडळी फ्लॅटवर येणार आहेत. काय करावं?

उत्तर: ताई, कर्ज काढू नका आणि ठेवही मोडू नका. पण सासूबाईंचं 'काहीच नको' हेही मला पटत नाही. पाच माणसांच्या घरात जिथे दोघं नोकरीला जातात, तिथे वस्तू जागेवर सापडणं ही गरज आहे. त्यावर पैसे खर्च करायला हवेत, फक्त ४,८०,००० नव्हेत आणि ऑगस्टमध्ये नव्हेत.

कोटेशनचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. अगदी खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असं लिहिलंय, ते बहुधा तुमच्या नजरेतून सुटलं. अशा कामावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे ८६,४००. तुमचा खरा आकडा ५,६६,४०० आहे. करासकट विचारलं की बऱ्याचदा 'बिलाशिवाय करू' असं उत्तर येतं. त्याला होकार देऊ नका, कारण बिल नसेल तर सहा महिन्यांनी फुगलेल्या दाराची तक्रार कोणत्या कागदावर करणार?

आता हप्ता. फक्त ४,८०,००० घेतले तरी १४ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता साधारण ११,१७० बसतो. एकूण परतफेड ६,७०,००० च्या घरात, म्हणजे व्याज १,९०,०००. कोटेशनमधलं अख्खं किचन जेवढ्याचं, तेवढंच व्याज. करासकटची रक्कम घेतलीत तर हप्ता १३,१८० होतो. तुम्ही दिलेला महिन्याचा हिशेब असा: गृहकर्ज २४,०००, घरखर्च ३०,०००, मुलांची फी, शिकवणी आणि बस ९,५००, गाड्यांचं पेट्रोल आणि विमा ८,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) ८,०००. उरतात १०,५००. दोन्ही हप्ते या उरलेल्या रकमेच्या वर जातात. मग कात्री एसआयपीला लागणार, आणि मुलगी बारावीला पोचेल तेव्हा तुम्ही अजून टीव्ही युनिटचे हप्ते भरत असाल.

मुदत ठेवीचं म्हणाल तर साडेतीन लाख मोठे वाटतात. पण एसआयपी सोडून तुमचा न टाळता येणारा खर्च महिन्याला ७१,५०० आहे. त्या हिशेबाने ही ठेव पाच महिनेसुद्धा पुरत नाही. खासगी नोकरी, घरात वयस्कर माणूस, दोन शाळकरी मुलं, अशा कुटुंबाने सहा महिन्यांची सोय ठेवावी असं मी सांगतो. तुमची ठेव मुळात थोडी अपुरीच आहे, ती फर्निचरसाठी 'पडून' नाही.

चवथीच्या मुदतीबद्दल मला जरा गंमत वाटली. तुमचा गणपती मूळ घरी. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी तिथे बांधली जाणार, नेवऱ्या (करंज्या) तिथे तळल्या जाणार, आरत्यांना घुमट हे मातीचं वाद्य तिथे वाजणार. चवथीत तुमच्या फ्लॅटला कुलूप असणार! ही मुदत तुमची नाही, इंटिरियरवाल्याची आहे. चवथीआधी गोव्यात सुतार, रंगारी सगळ्यांनाच मागणी असते, त्यामुळे या दिवसांत भावही चढे आणि कामही घाईचं. माहेरची मंडळी येतील ती तुम्हाला भेटायला. त्यांच्यासाठी गाद्यांवर धुतलेल्या चादरी आणि बसायला मोकळी जागा पुरे.

दुसरं कारण पावसाचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की भिंतीवरचा रंग आणि लाकडावरचं पॉलिश नीट सुकत नाही. ओल घेतलेल्या प्लायवर लॅमिनेट चिकटवलं की दिवाळीपर्यंत कडा सुटायला लागतात. लाकूडकाम आणि रंग हे आपल्याकडे दिवाळीनंतर ते मेपर्यंतचं काम. दहा टक्के सवलतीपायी ते श्रावणात करून घेणं महागात पडतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज आलंय: 'हॉलच्या कोपऱ्यात छताला थोडी ओल दिसते, ती सीलिंगमध्ये झाकली जाईल.' ताई, त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लांबवतोय. वरच्या मजल्यावर छताला ओल म्हणजे गच्चीतून पाणी झिरपतंय. त्याखाली जिप्समचं सीलिंग लावलंत तर ओल झाकली जाईल, थांबणार नाही. बोर्ड पाणी पीत राहील, आत बुरशी धरेल, सळईला गंज लागला तरी दिसणार नाही, आणि एखाद्या जुलैत बोर्ड सोफ्यावर येईल. गच्ची सामाईक असते, तिची दुरुस्ती सोसायटीच्या देखभाल निधीतून व्हायला हवी. आत्ताच, ओल दिसत असताना तारखेसह फोटो काढा आणि सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. वॉटरप्रूफिंग पाऊस संपल्यावर होईल, पण अर्ज आता गेला तर सभेत विषय येईल. सीलिंग आणि टीव्ही युनिट, ९५,०००, यादीतून कायमचं काढून टाका. टीव्ही भिंतीला स्टँडवर लागतो.

किचन मात्र करण्यासारखं आहे. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आहेत असं तुम्ही लिहिलंय. कोटेशनमध्ये ते फोडून प्लायचे खोके बसवायचे आहेत, हे मला अजिबात पटलं नाही. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, बारा वर्षं टिकलाय आणि अजून टिकेल. त्याच कप्प्यांच्या मापाच्या स्टीलच्या ट्रॉल्या करून घ्या, पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं लावा. भांडी अंगावर येणं थांबतं ते ट्रॉलीमुळे, चकचकीत लॅमिनेटमुळे नाही. सगळ्या कप्प्यांना ट्रॉली नको: ताटवाट्यांना एक, रोजच्या पातेल्यांना एक, मसाले-डाळींना एक, तेलाच्या बाटल्यांना एक अरुंद. सिंकखाली काहीच बसवू नका, तिथे पाइप गळतोच कधीतरी. फोंड्यातल्याच दोन-तीन फॅब्रिकेटरकडून कोटेशन घ्या आणि ६०,००० ची मर्यादा आधीच ठरवून बोला.

त्याआधी मोजणी करा. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी केलीत: सोलां (आमसुलं), सुकी मिरची, चिंच, सुकी मासळी, तांदूळ. हे मूळ घरच्या कोठीच्या हिशेबाने घेतलं जातं आणि फ्लॅटच्या स्वयंपाकघरात कोंबलं जातं. शिवाय सवलतीत आणलेलं सामान वेगळं. एका रविवारी सगळं बाहेर काढून काय किती आहे ते लिहा. काही घरांत मी अशा यादीत साबुदाण्याची चार वेगवेगळी पाकिटं पाहिली आहेत, प्रत्येक उपवासाला नवीन! ही यादी झाली की एक-दोन महिने वाणसामानाचं बिल आपोआप उतरतं. वर्षाचा साठा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून माळ्यावर जाऊ द्या, खाली महिन्यापुरतंच. कशावर हिरवी बुरशी दिसली तर मोह न धरता टाका.

सकाळच्या धावपळीला तर सुतारच लागत नाही. दाराशी भिंतीला दणकट हुकांची पट्टी लावा, रेनकोट आणि छत्र्या तिथे, खाली पाणी झेलायला प्लास्टिकचा ट्रे, वर हेल्मेटसाठी एक फळी. दोन्ही मुलांच्या खोलीत कपड्याचे पाच-सहा कप्प्यांचे लटकते ऑर्गनायझर; रविवारी रात्री प्रत्येक कप्प्यात एका दिवसाचा गणवेश, मोजे, रुमाल. हे काम मिस्टरांना आणि मुलीला द्या, तुम्ही करू नका. तसं झालं नाही, तर लाखाच्या वॉर्डरोबमध्येही मोजा तुम्हीच शोधत बसाल.

सजावटीला ८,००० ठेवा. धुऊन निघतील असे सुती पडदे, कुणबी साडीसारख्या लाल चौकटींच्या कापडाचे दोन-चार अभ्रे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या बांबूच्या टोपल्या, डिचोलीच्या कुंभारांची एखादी कुंडी. वेताची खुर्ची किंवा मांडणी घ्यायची झाली तर पूर्ण बांबू-वेताच्या फर्निचरवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी फक्त ५ टक्के आहे. सासूबाईंचं गंजलेलं लोखंडी कपाट भंगारात देऊ नका, घासून रंग मारला की पुढची पंधरा वर्षं बघायला नको. मूळ घरी फणसाच्या लाकडाचा पेटारा धूळ खात पडलाय असं लिहिलंत, तो देवघराखाली छान बसेल. फक्त उचलण्याआधी दीर-जावांना विचारा. आपल्याकडे वारसांची 'इन्व्हेंटरी' (वारशाच्या वाटणीची कोर्टातली कार्यवाही) कधी निघेल आणि त्यात पेटाऱ्याचं नाव कधी येईल, सांगता येत नाही.

पैशांची जुळणी अशी करा. बचत खात्यात ४०,००० आहेत, त्यातले १५,००० हुकांची पट्टी, ऑर्गनायझर, डबे आणि पडद्यांवर आत्ताच घाला. चवथीनंतर पाहुणे येतील तेव्हा घर आवरलेलं दिसेल. जुलैपासून उरलेल्या १०,५०० पैकी ९,००० आवर्ती ठेवीत. नोव्हेंबरअखेर ४५,००० होतील, मिस्टरांचा दिवाळीचा बोनस तुम्ही ४५,००० लिहिलाय, एकूण ९०,०००. त्यातून ६०,००० च्या ट्रॉल्या. उरलेले ३०,००० आणि पुढच्या चार महिन्यांचे ३६,००० मिळून मार्चअखेर ६६,०००. एप्रिलमध्ये मुलांच्या खोलीत एक वॉर्डरोब. दुसऱ्याची गरज तेव्हा वाटते का ते बघा. माझा अंदाज, वाटणार नाही.

वॉर्डरोब करताना कोटेशनवर नुसतं 'प्लाय' चालवून घेऊ नका. 'आयएस ७१०' ही पाण्यात टिकणाऱ्या प्लायची श्रेणी लिहून घ्या आणि माल आल्यावर शिक्का बघा. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण आपल्या पावसात कडेने पाणी शोषून पावासारखा फुगतो. मागची बाजू बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, बोटभर फट ठेवा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचे १० टक्के महिनाभर दारं नीट लागतायत हे पाहिल्यावर.

दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय' पुढे केला जाईलच. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. रोख घेतल्यास किती सूट, एवढं विचारा. व्याज तिथेच लपलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी.

यात एकच अपवाद. नोव्हेंबरपर्यंत थांबणं अशक्य झालं, ओट्याचा कडप्पाच तुटला वगैरे, तर वैयक्तिक कर्जाऐवजी त्याच मुदत ठेवीवर साठेक हजारांचं तारणकर्ज घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतं, ठेव चालू राहते आणि बोनस आला की फेडून टाकता येतं. सही करण्याआधी बँकेकडून मुख्य तथ्यांचं पत्रक मागा. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, ते त्यात असतं.

राहिलं टोकन. ते १०,००० बुडतील या भीतीनेच तुम्ही पुढे सरकताय असं पत्र वाचताना वाटलं. इंटिरियरवाल्याला फोन नको, मेसेज करा, म्हणजे लेखी राहील: पूर्ण काम रद्द, नोव्हेंबरमध्ये फक्त ट्रॉल्या, टोकन त्यात वळतं करावं, दर करासकट कळवावा. त्याचा दर फॅब्रिकेटरच्या जवळपास असेल तर काम त्यालाच द्या. नाहीच म्हणाला तर पावतीवर टोकन परत न देण्याची अट छापली आहे का ते पाहा. नसेल तर परत मागा. असेल तर १०,००० गेले असं समजा आणि ट्रॉल्यांचं काम फॅब्रिकेटरला द्या.