एकत्र कुटुंबातून वेगळे निघाल्यास लहान मुलीच्या वाढीवर परिणाम होतो का?

घरी अन्न, वस्त्र, निवारा यांची वानवा नसताना सासू-सासरे आणि जावेपासून वेगळे निघाल्यास दहा महिन्यांच्या मुलीच्या वाढीवर वाईट परिणाम होईल का, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. माझ्या मते, कुटुंब एकत्र आहे की विभक्त यापेक्षा, त्या त्या वयाची गरज भागवायला घरात मोकळे माणूस आहे का, यावर मुलाची वाढ अधिक अवलंबून असते.

घरात धान्य असले म्हणजे ते बाळाच्या पोटात जातेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार आईच्या दुधासोबत वरचा आहार 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला दिवसातून 2 ते 3 वेळा आणि 9 ते 23 महिन्यांच्या बाळाला 3 ते 4 वेळा द्यावा लागतो, कारण एवढ्याशा पोटात एका वेळी फारसे मावत नाही. आता कापसाची वेचणी डोळ्यांसमोर आणा. सकाळीच घरातल्या सगळ्या बायका वावरात जातात आणि बाळापाशी उरते ती मोतीबिंदूमुळे नीट न दिसणारी आजी, नाहीतर शाळा बुडवून घरी बसवलेली नऊ-दहा वर्षांची बहीण, जिची स्वतःची शिकण्याची गरज त्या दिवसांत कुणाच्या लक्षातही येत नाही. भरल्या घरातले बाळ वजनाला खाली घसरलेले मी पाहिले आहे. दुसऱ्या कुणीतरी भरवले असेल, असे प्रत्येकाला वाटत राहते. उलट नवरा-बायको दोघांच्याच बिऱ्हाडात, शेजारच्या काकूंकडे मऊ वरणभात ठेवून दुपारचे भरवणे नेमून दिलेले असते आणि बाळ चांगले बाळसे धरते.

दुसरी गरज ओळखीच्या माणसाची. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी 1943 साली माणसाच्या गरजांचा क्रम मांडला तेव्हाच, आधीची गरज पूर्ण भागल्यावरच पुढची जागी होते असे नाही, हेही स्पष्ट केले होते. बाळ जेवणासोबतच सांभाळणाऱ्याचा आवाज आणि स्पर्श मागते. आठव्या-नवव्या महिन्यापासून बहुतेक मुले अनोळखी चेहरा पाहून रडू लागतात. हा दोष नसून वाढीचाच टप्पा आहे. म्हणून मुलगी जावेच्या अंगाखांद्यावर वाढलेली असेल, तर वेगळे निघाल्यावर ते जाणे-येणे एकाएकी तोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्यांमध्ये अबोला असला, तरी तो बाळापर्यंत पोचू देऊ नये.

सासू-सासऱ्यांचाही विचार करावा. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या विकासाचे आठ टप्पे सांगितले, त्यांतला शेवटचा म्हातारपणाचा आहे; आयुष्याचे चीज झाले असे वाटणे ही त्या वयाची गरज असते. नातीला गोष्ट सांगणे, तिला बोट धरून अंगणात चालवणे त्यांना आनंद देते, पण दिवसभर तिच्या मागे धावणे त्यांना झेपत नाही.

वेगळे निघायचेच असेल, तर वेचणी आटोपल्यावर, शक्यतो त्याच गावात निघा. बाळाला दुपारी कोण भरवणार, हे त्या व्यक्तीशी बोलून आधीच ठरवा आणि दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या. सलग दोन महिने वजन वाढले नाही, तर सेविकेला सांगून मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.