जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेऊन बेळगावहून लडाखला जावं का?

जा, पण सुट्टी भरपूर असेल तरच. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचं २.१ लिटरचं प्युजो डिझेल इंजिन एकदम साधं. सेन्सरची भानगड नाही, वाटेतला कुठलाही डिझेल मेस्त्री हात घालतो. बेळगावजवळच्या कणकुंबी-जांबोटीच्या लाल चिखलात लो गिअर टाकला की अजून मुकाट चढते. पण टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नाही, त्यामुळे लडाखच्या खार्दुंग ला खिंडीच्या उंचीवर, विरळ हवेत दमते, काळा धूर ओकते. हायवेला ताशी साठच्या पुढे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं (बायकोला नेणार असाल तर आधीच सांगा). एबीएस, एअरबॅग विसरा. चोर्ला घाट उतरतानासुद्धा ब्रेकपेक्षा गिअरवर भरवसा ठेवायचा. निघण्याआधी रेडिएटरचे होज, ब्रेकचे रबर बदला. केए-२२ (बेळगाव पासिंग) आरसी १५ वर्षं उलटलेली असेल तर रिन्यू केलेली आहे ना, तेही बघा.