पाच महिन्यांचं कोरं रजिस्टर आता भरू का?

प्रश्न: भंडारा जिल्ह्यात माझी उसना (उकड्या) तांदळाची राइस मिल आहे. धान भिजवलेलं पाणी ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेतून) काढून स्वतःच्याच शेतात सोडायचा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट (संमतीपत्र) आहे. दिवाळीनंतर ईटीपीचा ऑपरेटर काम सोडून गेला, तेव्हापासून पाच महिने ईटीपीच्या रोजच्या नोंदींचं रजिस्टर कोरं आहे. त्या काळातले लॅबचे रिपोर्ट दोनच, त्यातल्या एकात बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) 160 आला. मागच्या पावसाळ्यात थोडं पाणी नाल्यात गेलं होतं. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्याला वास येतो अशी गावकऱ्यांनी तक्रार केली. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी मुनीमजींची सही घेऊन सॅम्पल घेऊन गेले आणि आता वर्षभराचं रजिस्टर व सगळे रिपोर्ट मागणारी नोटीस आली आहे. कन्सल्टंट म्हणतो, नवी वही आणा, दोन दिवसांत भरून देतो, जुन्या ऑपरेटरची सही मारून घेऊ. काय करू?

उत्तर: भाऊ, ती वही आणू नका.

रजिस्टर कोरं राहणं हा कन्सेंटच्या अटीचा भंग आहेच. त्यापायी मंडळाकडे ठेवलेल्या बँक गॅरंटीवर गदा येऊ शकते, पण त्यातून वाट निघते. भरलेल्या खोट्या वहीतून निघत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 1974 च्या कलम 42 मध्ये मंडळाला जाणूनबुजून खोटी माहिती देण्यावर वेगळी कारवाई आहे. सोडून गेलेल्या माणसाची सही मारली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 खाली बनावट दस्तऐवजाचा गुन्हा वरून येतो. उद्या तो ऑपरेटर जबाब द्यायला आला, की कन्सल्टंट ओळखसुद्धा दाखवणार नाही.

आणि हे लपतही नाही. फ्लो मीटर एकूण पाणी मोजत पुढेच जातो. वहीतल्या रोजच्या आकड्यांची बेरीज त्याच्याशी जुळली पाहिजे. ईटीपीला वेगळा वीजमीटर लावणं आणि रसायनांच्या वापराचं रजिस्टर ठेवणं या कन्सेंटमधल्या नेहमीच्या अटी आहेत. ईटीपीत हवा सोडणारा ब्लोअर बंद होता तर त्या मीटरवर युनिट पडलेले नसतात. चुना-तुरटीची बिलं वेगळंच सांगतात. सरकारी भरडाई घेत असाल, तर कोणत्या महिन्यात किती धान मिलमध्ये आलं हे जिल्हा पणन अधिकाऱ्यांकडे नोंदलेलं आहे, आणि धानावरून पाण्याचा अंदाज कोणीही काढतं. रोज पीएच 7.2, एकच पेन, एकच अक्षर. अशी वही बघून अधिकारी आधी हसतो, मग लिहायला घेतो.

खरं रेकॉर्ड मात्र अजूनही उभं करता येतं. आजच फ्लो मीटर आणि वीजमीटर या दोन्हींच्या रीडिंगचा फोटो घ्या. ऑपरेटरने लिहिलेलं शेवटचं रीडिंग आणि आजचं रीडिंग यातला फरक म्हणजे त्या काळात सोडलेलं एकूण पाणी. तो एकच आकडा द्या. दिवसांनी भागून रोजचे आकडे पाडू नका. सोबत वीजबिलं, रसायनांची बिलं आणि ऑपरेटरच्या पगाराच्या नोंदी जोडा. रजिस्टरमध्ये आजची तारीख घालून लिहा, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोंदी नाहीत, कारण हे. खाली तुमची सही. दुसऱ्या दिवसापासून रोजची नोंद सुरू करा, मुनीमजींनी केली तरी चालेल.

160 चा रिपोर्टही द्या. जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा 100 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, म्हणजे तो नापासच. पण नोटीस ‘सगळे रिपोर्ट’ मागते, आणि त्याची दुसरी प्रत लॅबच्या फाइलीत आहे. त्यानंतर काय दुरुस्त केलं ते लिहा. केलं नसेल तर आता करा आणि मान्यताप्राप्त लॅबकडून नव्याने तपासणी करून घ्या.

सॅम्पलचं म्हणाल, तर मुनीमजी तुमचे एजंट धरले जातात. त्यांची सही चालते. बघायचं ते वेगळंच. जल कायद्याच्या कलम 21 नुसार विश्लेषणाची नोटीस देऊन, तुमच्या माणसासमोर सॅम्पलचे दोन भाग करून, दोन्हींवर सील आणि सह्या व्हायला हव्यात. मागणी केली तर दुसरा भाग कलम 52 खालच्या, म्हणजे राज्य सरकारने ठरवलेल्या लॅबकडे जातो, आणि दोन अहवालांत फरक पडला तर त्या लॅबचा ग्राह्य धरतात. हे पाळलं नसेल तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मात्र एवढ्यावर मंडळ गप्प बसेल अशा भरवशावर राहू नका. मुनीमजींकडची प्रत काढा आणि त्यांनी दुसरा भाग त्या लॅबकडे पाठवायची मागणी केली होती का, ते विचारा.

आता तुम्ही ओझरतं लिहून गेलात ती गोष्ट. मला रजिस्टरपेक्षा तिचीच काळजी जास्त वाटते. तुमचा कन्सेंट शेतासाठी आहे, नाल्यासाठी नाही. नाल्यात जाणाऱ्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा 30 आहे, आणि त्या नाल्याचं पाणी पुढे तलावात जात असेल तर गावाची मासेमारी आणि धानाची ओलीत त्यावर आहे. टाकी फुटून किंवा पाळ ओलांडून असं पाणी गेलं, तर कलम 31 नुसार मंडळाला ताबडतोब कळवावं लागतं. तुम्ही कळवलं नव्हतं असं दिसतं. नोटिशीच्या उत्तरात या मुद्द्यावर कोणतंही वाक्य लिहिण्याआधी सगळे कागद घेऊन वकिलाकडे जा. इथे अर्धवट खरं बोलणं सगळ्यात महाग पडतं. आणि येत्या पावसाळ्याआधी त्या टाकीची पाळ उंच करा, नाल्याकडचं तोंड सिमेंटने बंद करा, फोटो काढून ठेवा.

दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत भरायचं पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म 5, राहिलं असेल तर तेही तपासा. त्यातले पाण्याचे आकडे या उत्तराशी जुळले पाहिजेत.

उत्तर मुदतीत द्या. कागद गोळा व्हायला वेळ लागत असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढ मागा आणि पोच घ्या. एवढं करूनही जल कायद्याच्या कलम 33अ खाली मिल बंद करण्याचा किंवा वीज तोडण्याचा आदेश निघाला, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करायला 30 दिवस असतात. म्हणून आदेशाचा लिफाफा ज्या दिवशी हातात पडेल, त्या दिवशीच त्यावर तारीख लिहून ठेवा.