प्रवासाचं विचारा: शेफिल्डजवळचं प्लेगचं गाव

प्रश्न: मुलगा इंग्लंडमध्ये शेफिल्डला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. तो आणि सून दिवसभर ऑफिसात, म्हणून आमचं आम्हीच फिरायचं ठरवलंय. जवळ एक प्लेगचं गाव आहे, बस जाते, असं तो म्हणतो. पण चर्च आणि थडगी बघायला एवढं जावं का? खाण्यापिण्याची, बाथरूमची सोय असते का? आम्ही शाकाहारी आहोत, माझे गुडघे कुरकुरतात. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: जाच, ताई. आधी नाव म्हणायला शिका. पाटीवर ई-वाय-ए-एम अशी अक्षरं, उच्चार मात्र नुसता ‘ईम’. मी बसच्या ड्रायव्हरला तीनदा ‘इयाम’ म्हटलं, तो तिन्ही वेळा ‘सॉरी?’ म्हणाला. शेवटी आमच्या ह्यांनी कागदावर लिहून दाखवलं.

सप्टेंबर १६६५मध्ये लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातून प्लेगच्या पिसवा आल्या असं मानतात. चौदा महिन्यांत २६० माणसं दगावली. गावचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली, दोघांची धर्ममतं वेगळी. पण दोघांनी मिळून गावाला पटवलं की शिवेबाहेर कोणी जायचं नाही. शेजारचे लोक शिवेवर अन्न ठेवून जात. दगडाला पाडलेल्या खळग्यांत, रोग पसरू नये म्हणून, व्हिनेगर, आणि त्यात गावकऱ्यांनी अन्नाच्या मोबदल्यात टाकलेली नाणी. तो दगड अजून आहे.

१८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला, तेव्हा माझ्या आजीच्या वडिलांनी गिरगावातलं बिऱ्हाड मोडलं आणि बोटीने कोकण गाठलं. ते पळाले म्हणून मी आज हे लिहितेय. त्यामुळे त्या दगडापाशी मला भक्तिभाव वगैरे दाटून आला नाही. पहिला प्रश्न आला तो हाच, की ह्या माणसांचे पाय थांबले कसे?

चर्चच्या आवारात मॉम्पेसनच्या बायकोचं, कॅथरिनचं थडगं आहे. तीही १६६६च्या ऑगस्टमध्ये गेली. जवळच हजार वर्षांहून जुना कोरीव दगडी क्रूस उभा आहे. आत १९८५ची रंगीत काचेची खिडकी आहे, त्यात सगळी हकीकत चितारलीय. बाहेर ओळीने जुनी घरं, आणि दाराशी पाट्या: ह्या घरातले कोण कोण गेले. तिथे आजही लोक राहतात, वाळत घातलेले कपडे दिसतात. पाटी वाचा, खिडकीत डोकावू नका.

गावाबाहेर रायली ग्रेव्ह्ज म्हणून शेतात गोल दगडी कुंपण आहे. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः ओढत नेऊन पुरली. पुढे ती शेफिल्डला, उरलेल्या एका मुलाकडे गेली असं सांगतात. तुम्ही शेफिल्डहूनच येणार, म्हणून मुद्दाम लिहिलं. रस्ता चढाचा आहे. काठी घ्या, सावकाश जा. गुडघ्यांनी साफ नकार दिला तर हे सोडा, पण चर्च सोडू नका.

आता सोयी. गाडीतळाजवळ सार्वजनिक शौचालय आहे, समोरच म्युझियम. त्याच्या छपरावरचं वातकुक्कुट कोंबड्याचं नसून उंदराचं आहे, वर बघायला विसरू नका. हिवाळ्यात म्युझियम बंद असतं, तुमच्या दिवसांत चालू असेल. तरी वार बघून निघा. गावात चहा-केकची जागा आणि पब आहे. चीज सँडविच, सूप मिळतं. सूप मांसाच्या पाण्यातलं नाही ना, हे विचारून घ्या. आम्ही तर थर्मासमधला आल्याचा चहा आणि थालीपीठ बाकावर बसून खाल्लं, कोणी काही म्हटलं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेगच्या स्मरणाची प्रार्थना असते. त्या काळात चर्च बंद ठेवून लोक उघड्या दरीत अंतर राखून जमत, तिथेच. त्याच सुमारास गावातल्या विहिरी फुलांच्या पाकळ्यांच्या चित्रांनी सजवतात. गर्दी असते, पण मुंबईकराच्या हिशेबाने ती गर्दी नव्हेच.

दुसऱ्या दिवसासाठी जवळचं बेकवेल गाव आहे. सोमवारी बाजार भरतो. तिथलं पुडिंग प्रसिद्ध, त्यात अंडं असतं. जवळच चॅट्सवर्थचा वाडा. प्लेगच्या वर्षी ईमला रसद पाठवणारा सरदार तिथलाच.

आणि प्रवासाचा आरोग्यविमा काढल्याशिवाय विमानात बसू नका. पाहुण्याला तिथे हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर बिल जबर येतं. परतीच्या बसची वेळ मात्र उतरतानाच लिहून घ्या, फेऱ्या मोजक्याच असतात. आम्ही लिहून घेतली नव्हती. चर्चच्या भिंतीला टेकून दीड तास बसलो, आणि थर्मास रिकामा झालेला.