डब्यातली दशमी वातड का होते?

प्रश्न : मुलीला डब्यात गुळाची दशमी देते. सकाळी मऊ असते, मधल्या सुट्टीपर्यंत वातड होते. काय चुकतं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बहुधा दोन गोष्टी चुकतात, मोहन कमी आणि आच मंद. मंद आचेवर दशमी जास्त वेळ तव्यावर राहते आणि आतला ओलावा उडतो. आच फार मोठी केली तर गूळ करपून कडवट डाग पडतात, म्हणून मध्यम ठेवा.

दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी चिरलेला गूळ घ्या. तो अर्ध्या वाटी कोमट दुधात विरघळवून गाळा. आपल्याकडच्या चांगल्या गुळातही कधी चिपाडाची कुसं निघतात. दूध उकळतं असेल तर गुळाने फाटतं. कणकेत चिमूटभर मीठ, दोन चमचे कडकडीत तेल घालून घट्ट मळा. मुरताना गुळामुळे कणीक सैल पडते, म्हणून सगळं दूध एकदम ओतू नका. दशमी पोळीपेक्षा जाड लाटा, तुपावर भाजा.

गरम दशमी डब्यात कोंडू नका, वाफेने ओली होते. जाळीवर निववून सुती फडक्यात गुंडाळा.

गोड नकोच असेल, तर गुळाऐवजी चमचाभर कांदा-लसूण चटणी घाला, दुधाऐवजी दही.