लाटांवर पीएचडी करून काय मिळणार?

प्रश्न: पोरगी एमएस्सी मॅथ्स झालीय, आता म्हणतीय नॉनलिनियर लाटांवर पीएचडी करणार. आमच्या सोलापुरात समुद्र नाही, उजनीचं पाणी पण चार-पाच दिवसांनी येतं, मग ह्या लाटांचा उपयोग काय हो? – एक वडील, सोलापूर

उत्तर: काका, पाण्याचा प्रश्न आमच्या हातात नाही, लाटांचं सांगतो. सिद्धेश्वर तलावात खडा टाका, तरंग पसरत पसरत विरून जातात, बरोबर? पण १८३४ मध्ये स्कॉटलंडात जॉन स्कॉट रसेल नावाच्या इंजिनियरला कालव्यात एक लाट दिसली, होडी एकदम थांबली आणि तिच्या पुढचा पाण्याचा उंचवटा तसाच पुढं सुटला, हा गडी घोड्यावरनं मैल-दोन मैल त्या लाटेच्या मागं गेला तरी तिचा आकार मोडेना! कारण असं, की उंच भाग जास्त जोरात पळतो (हेच ते नॉनलिनियर) म्हणून लाट पुढनं उभी होत जाते, आणि वेगवेगळ्या लांबीचे तरंग वेगवेगळ्या स्पीडनं जातात म्हणून ती पसरायला बघते, ह्या दोन्ही ओढाताणी बरोब्बर जुळल्या की लाट टिकते. कॉर्टवेग आणि द व्ह्रीस ह्या डच गणितज्ञांनी १८९५ मध्ये तिचं समीकरण मांडलं. १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर बघितलं तर अशा दोन लाटा एकमेकींतून आरपार जाऊन परत जशाच्या तशा, म्हणून नाव दिलं सॉलिटॉन, म्हणजे कणासारखी वागणारी एकटी लाट.

तुमच्या घरच्या इंटरनेटची फायबर आहे ना, तिच्यातून प्रकाशाचे असे न पसरणारे पल्स पाठवता येतात हे १९७३ मध्ये आधी गणितानं सांगितलं, प्रयोगात दिसलं १९८० ला. त्सुनामी, प्लाझ्मा (विजेचा भार असलेल्या कणांचा वायू), सगळीकडं हेच गणित लागतं. नोकरीची गॅरंटी मी देत नाही, पण पोरीनं विषय भारी निवडलाय.